ख्रिस्ती मिशन विमानसेवा

ख्रिस्ती मिशन विमानसेवा : रस्ते, लोहमार्ग किंवा जलमार्ग यांची सोय नसलेल्या दुर्गम प्रदेशांत ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थांनी, तसेच त्यांच्या साहाय्यार्थ स्थापन झालेल्या स्वयंसेवी संघटनांनी चालविलेली लहान विमानांची वाहतूक. धर्मप्रसारक, बायबलचे भाषांतरकार, डॉक्टर व शिक्षक यांची आणि त्यांना लागणाऱ्या साहित्याची ने-आण करणे हा या सेवेचा मूळ हेतू होता. पुढे रुग्ण, लसी, धान्य, शालेय साहित्य, बांधकामाचे सामान आणि शेतमाल यांची वाहतूकही तिच्या कक्षेत आली. ही सेवा नफ्यासाठी चालविली जात नाही. तिचा खर्च काही अंशी भाड्यातून व बराचसा देणग्यांतून भागतो. तिचे नियमन, देखभाल व दैनंदिन मार्गदर्शन यांत स्वयंसेवकांचा वाटा मोठा असतो. वैमानिक हा या सेवेचा डोळ्यांत भरणारा घटक असला, तरी धावपट्टी राखणारे, हवामानाची खबर देणारे आणि कोणाला आधी न्यावयाचे हे ठरविणारे स्थानिक लोक यांच्यावाचून ती एक दिवसही चालू शकत नाही.

इतिहास : पहिल्या महायुद्धात विमानाचा उपयोग सिद्ध झाल्यावर दूरस्थ मिशन केंद्रांसाठी त्याचा वापर करण्याची कल्पना पुढे आली. जर्मन कॅथलिक धर्मगुरू पाउल शुल्टे हे युद्धकाळात वैमानिक होते. त्यांचे मित्र व सहकारी ओटो फूरमान हे नैर्ऋत्य आफ्रिकेत (आताचे नामिबिया) वेळेवर रुग्णालयात पोहोचू न शकल्यामुळे १९२५ मध्ये मरण पावले. या घटनेतून शुल्टे यांनी १९२७ मध्ये कोलोन येथे ‘मीव्हा’ ही संस्था स्थापन केली. मिशन केंद्रांना मोटारी, नौका व विमाने पुरविणे हे तिचे कार्य होते. १९३८ मध्ये शुल्टे यांनी कॅनडाच्या उत्तर ध्रुवीय प्रदेशातून एका आजारी धर्मगुरूला विमानाने रुग्णालयात आणले.

याच सुमारास ऑस्ट्रेलियात प्रेसबिटेरियन धर्मोपदेशक जॉन फ्लिन यांनी निराळ्या दिशेने प्रयत्न केला. १९१२ मध्ये स्थापन झालेल्या ‘ऑस्ट्रेलियन इनलँड मिशन’चे ते प्रमुख होते. खंडाच्या अंतर्भागात शेकडो किलोमीटर परिसरात डॉक्टर मिळत नसे. क्लिफर्ड पील या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १९१७ मध्ये सैन्यात दाखल होताना फ्लिन यांना पत्र लिहून विमानातून वैद्यकीय सेवा देता येईल, असे सुचविले. पील १९१८ मध्ये युद्धात मारले गेले. फ्लिन यांनी त्यांच्या कल्पनेचा पाठपुरावा केला आणि मे १९२८ मध्ये क्वीन्सलंडमधील क्लॉनकरी येथून हवाई वैद्यकीय सेवा सुरू झाली. पहिल्या वर्षात ५० उड्डाणे होऊन २२५ रुग्णांवर उपचार करण्यात आले. ॲल्फ्रेड ट्रेगर यांनी पायाने फिरवावयाच्या जनित्रावर चालणारे बिनतारी संदेशयंत्र तयार केले व १९२९ पासून ते दूरच्या वस्त्यांना मिळू लागले. विमान बोलाविण्याचे साधन रुग्णाच्या हाती आल्याखेरीज विमानाचा उपयोग नाही, हे त्यावरून दिसून आले. ही सेवा पुढे मिशनपासून वेगळी होऊन ‘रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस’ या नावाने प्रसिद्धीस आली. १९३०–४० या दशकात न्यू गिनीतील ल्यूथरन व कॅथलिक मिशनांनीही विमानांचा वापर सुरू केला.

या सेवेला संघटित स्वरूप दुसऱ्या महायुद्धानंतर प्राप्त झाले. युद्धात प्रशिक्षित झालेले अनेक तरुण वैमानिक व यंत्रज्ञ आपले कौशल्य विध्वंसाऐवजी सेवेसाठी वापरू इच्छीत होते. अमेरिकेत जिम ट्रक्स्टन, बेटी ग्रीन, ग्रेडी पॅरट, चार्ल्स मेलिस इत्यादींनी १९४५ मध्ये ‘ख्रिश्चन एअरमेन्स मिशनरी फेलोशिप’ स्थापन केली. तीच पुढे ‘मिशन एव्हिएशन फेलोशिप’ (एमएएफ) या नावाने ओळखली जाऊ लागली. बेटी ग्रीन या युद्धकाळात अमेरिकन वायुसेनेच्या महिला वैमानिक दलात होत्या. २३ फेब्रुवारी १९४६ रोजी त्यांनी वाको जातीच्या जुन्या विमानातून बायबल भाषांतरकारांना मेक्सिकोतील जंगल शिबिराकडे नेण्यासाठी उड्डाण केले. एमएएफचे हे पहिले उड्डाण होय. थोड्याच काळात या विमानाला अपघात झाला व त्याच्या दुरुस्तीसाठी नेट सेंट हा तरुण यंत्रज्ञ मेक्सिकोस गेला. बेटी ग्रीन यांनी पुढे पेरू, नायजेरिया, सूदान व न्यू गिनी येथेही विमाने चालविली.

ब्रिटनमध्ये मरी केंडन या न्यूझीलंडमधील वैमानिकाच्या पुढाकाराने याच सुमारास अशीच संघटना उभी राहिली. जानेवारी १९४८ मध्ये जॅक हेमिंग्ज व स्टुअर्ट किंग यांनी माइल्स जेमिनी या छोट्या द्विएंजिनी विमानातून मध्य आफ्रिकेची पाहणी सुरू केली. विमानाची गरज नेमकी कोठे आहे हे मिशन केंद्रांना भेटी देऊन ठरवावे, असा पाहणीचा उद्देश होता. जुलै १९४८ मध्ये बुरुंडीतील डोंगराळ प्रदेशात हे विमान कोसळले, परंतु दोघेही बचावले. या पाहणीच्या आधारे १९५० मध्ये दक्षिण सूदानमध्ये सेवा सुरू झाली. ऑस्ट्रेलियातील शाखेने १९५१ मध्ये न्यू गिनीत काम हाती घेतले. तिचे पहिले वैमानिक हॅरी हार्टविग हे त्याच वर्षी विमान अपघातात मरण पावले, तथापि काम थांबले नाही.

‘विक्लिफ बायबल ट्रान्सलेटर्स’ व ‘समर इन्स्टिट्यूट ऑफ लिंग्विस्टिक्स’ या संस्थांचे संस्थापक विल्यम कॅमेरन टाउनसेंड हे १९४७ मध्ये मेक्सिकोत विमान अपघातात जखमी झाले. जंगलातील उड्डाणांसाठी खास तयारीचे वैमानिक व चोख देखभाल यांची आवश्यकता त्यांना पटली आणि १९४८ मध्ये ‘जंगल एव्हिएशन अँड रेडिओ सर्व्हिस’ (जार्स) ही संस्था अस्तित्वात आली. शिकागोच्या मूडी बायबल इन्स्टिट्यूटने १९४६ पासून मिशन वैमानिकांच्या प्रशिक्षणाची सोय केली. वैमानिकाला विमान चालविण्याबरोबर ते उघडून दुरुस्तही करता आले पाहिजे, हा दंडक या शिक्षणातून रूढ झाला.

संघटना व स्वयंसेवक : मिशन विमानसंघटनांची रचना सर्वसाधारणपणे तीन स्तरांची असते. पहिल्या स्तरावर देणगीदार देशांतील विश्वस्त मंडळे असतात. त्यांचे सदस्य बहुधा विनावेतन काम करतात व त्यांत निवृत्त वैमानिक, हिशेबनीस, वकील, डॉक्टर, धर्मोपदेशक अशा व्यक्ती असतात. कोणत्या देशात सेवा सुरू करावी, कोठून ती आवरती घ्यावी, विमान कोणते घ्यावे, भाडे किती ठेवावे आणि सुरक्षिततेचे नियम कोणते असावेत, हे निर्णय ही मंडळे घेतात. अनेक वैमानिक व यंत्रज्ञांच्या कुटुंबांचा निर्वाह चर्चमंडळींनी व मित्रपरिवाराने दिलेल्या नियमित देणग्यांवर चालतो. जुनी विमाने खोलून पुन्हा जोडणे, सुटे भाग वर्गवार लावणे, कार्यशाळा बांधणे यांसाठी काही आठवडे वा महिने येणारे स्वयंसेवकही असतात.

दुसरा स्तर सेवाक्षेत्रातील तळाचा असतो. तेथे विमाने, इंधनाचा साठा, कार्यशाळा व बिनतारी केंद्र असते. तळावरील कर्मचाऱ्यांत आरंभी परदेशी व्यक्तींचे प्राबल्य असे. पुढे यंत्रज्ञ, उड्डाण नियोजक, हिशेबनीस आणि काही ठिकाणी वैमानिकही त्या त्या देशांतील नागरिक होऊ लागले. ब्राझीलमध्ये ‘आसास दि सोकोर्रो’ (साहाय्याचे पंख) या नावाने देशी संस्थाच उभी राहिली.

तिसरा व सर्वांत महत्त्वाचा स्तर गावाचा होय. प्रत्येक धावपट्टीवर गावाने वा स्थानिक चर्चने नेमलेला एक प्रतिनिधी असतो. तो शिक्षक, आरोग्यसेवक, धर्मोपदेशक किंवा शेतकरीही असू शकतो. सकाळी ठरलेल्या वेळी तो बिनतारी यंत्रावर खिंडीतील ढग, वाऱ्याची दिशा, रात्रीचा पाऊस व पट्टीचा ओलावा यांची माहिती देतो. प्रवाशांची यादी तयार करणे, त्यांचे व सामानाचे वजन करणे, उड्डाणापूर्वी पट्टीवरून डुकरे, गुरे व मुले दूर करणे ही कामे त्याच्याकडे असतात. वजनाची नोंद ही औपचारिकता नसते. आखूड पट्टीवर काही किलोग्रॅम अधिक भारही धोक्याचा ठरतो. गवत कापणे, पाण्याचे चर मोकळे ठेवणे, पावसाने पडलेल्या घळी बुजविणे ही कामे गावकरी श्रमदानाने करतात. आसन एकच शिल्लक असताना प्रसूतीत अडलेल्या स्त्रीला न्यावयाचे की परीक्षेला निघालेल्या विद्यार्थ्याला, हा निर्णय अनेकदा प्रतिनिधीच्या सांगण्यावरून होतो. त्यामुळे तो गावकऱ्यांच्या विश्वासातला असणे अगत्याचे असते.

धावपट्टी व उड्डाणपद्धती : डोंगराळ भागातील पट्ट्या बहुधा गवताच्या वा मुरमाच्या असून त्यांची लांबी पुष्कळदा ४०० ते ६०० मी. असते. सपाट जागा दुर्मिळ असल्याने त्या उतारावर बांधल्या जातात. काही पट्ट्यांचा चढ दर १०० मी. लांबीस १० मी. किंवा त्याहूनही अधिक असतो. अशा पट्टीवर विमान चढाच्या दिशेने उतरते व उताराच्या दिशेने उड्डाण करते. चढामुळे उतरताना वेग लवकर कमी होतो आणि उतारामुळे उड्डाणास वेग लवकर मिळतो. तथापि पट्टीच्या वरच्या टोकाशी डोंगर असल्यास उतरण्याचा विचार बदलून पुन्हा आकाशात जाता येत नाही. म्हणून पट्टीपासून काही अंतरावर एक निर्णयबिंदू ठरविलेला असतो व तो ओलांडल्यावर उतरणे अपरिहार्य ठरते. नव्या वैमानिकाला अनुभवी वैमानिकाबरोबर प्रत्येक पट्टीवर अनेकदा उतरून दाखविल्याशिवाय तेथे एकट्याने जाण्याची अनुज्ञा मिळत नाही.

समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचाही परिणाम होतो. उंचावर व उष्ण हवेत हवेची घनता कमी असते. त्यामुळे पंखांची उत्थापक शक्ती, पंख्याची खेच व एंजिनाची शक्ती ही तिन्ही घटतात आणि उड्डाणासाठी अधिक लांब धाव घ्यावी लागते. उष्ण कटिबंधातील पर्वतांवर दुपारनंतर ढग दाटतात. यामुळे बहुतेक उड्डाणे सकाळी लवकर आटोपली जातात. ती प्रामुख्याने दृष्टीच्या साहाय्याने केली जातात व खिंड ढगांनी झाकलेली असल्यास विमान माघारी फिरते. दुर्गम पट्टीवर अडकून पडण्यासाठी पाणी, अन्न व औषधे बरोबर ठेवण्याची पद्धत आहे.

उतरण्यास जागाच नसलेल्या ठिकाणी वस्तू पोहोचविण्यासाठी नेट सेंट यांनी एक्वादोरमध्ये एक युक्ती शोधली. विमान उंचावर घट्ट वर्तुळात फिरत राहते व त्यातून लांब दोरीला बांधलेली बादली खाली सोडली जाते. हवेचा रोध व गुरुत्वाकर्षण यांच्यामुळे दोरीचे खालचे टोक वर्तुळाच्या मध्याकडे सरकते आणि बादली जमिनीजवळ जवळजवळ स्थिर राहते. खालच्या माणसाला तीतून वस्तू काढता येतात व परत काही ठेवताही येते.

विमाने : आरंभी युद्धोत्तर बाजारात स्वस्त मिळालेली विविध विमाने वापरली गेली. पुढे पंख वरच्या बाजूस असलेली एकएंजिनी विमाने अधिक सोयीची ठरली. पंख वर असल्याने झुडपे व खडक यांपासून ते सुरक्षित राहतात आणि खालची भूमी स्पष्ट दिसते. सेस्ना कंपनीच्या १८०, १८५ व २०६ या विमानांनी अनेक दशके या सेवेचा भार वाहिला. ती विमानांसाठीच्या खास पेट्रोलवर चालतात व हे इंधन दुर्गम देशांत महाग व दुर्मिळ झाले आहे. त्यामुळे केरोसीनसदृश इंधनावर चालणाऱ्या टर्बाइन एंजिनांच्या सेस्ना कॅरॅव्हान व पिलाटस पोर्टर यांसारख्या विमानांकडे कल वाढला. मिशनांची गरज डोळ्यांसमोर ठेवून अमेरिकेत विकसित झालेले कोडियाक हे दहा आसनी टर्बाइन विमान २००७ मध्ये प्रमाणित झाले. नद्या व पूरक्षेत्रांच्या प्रदेशात तराफे जोडलेली जलविमाने वापरली जातात. बांगलादेशातील एमएएफची सेवा या प्रकारची आहे. हेलिकॉप्टरला पट्टी लागत नाही, परंतु त्याचा प्रतितास खर्च बराच अधिक असल्याने त्याचा वापर मर्यादित राहिला.

कार्य : या सेवेचे सर्वांत विस्तृत क्षेत्र न्यू गिनी बेट होय. पापुआ न्यू गिनीची राजधानी पोर्ट मोर्झ्बी ही देशाच्या उंच डोंगराळ प्रदेशाशी अद्याप रस्त्याने जोडलेली नाही. उंच कडे, दलदल व घनदाट अरण्य यांमुळे जे अंतर पायी तोडण्यास अनेक दिवस लागतात, ते विमानाने अर्ध्या तासात कापता येते. तेथे शेकडो लहान धावपट्ट्या असून त्यांतील कित्येक मिशनांच्या प्रेरणेने गावकऱ्यांनी कुदळ-फावड्यांनी तयार केल्या आहेत. जाताना विमान औषधे, पुस्तके, मीठ, साबण, पत्रे व खिळे नेते आणि परतताना कॉफी व भाजीपाला आणते. शेतमालाला बाजार मिळाल्यामुळे गावात रोख पैसा येतो व त्यातून शाळेचे शुल्क भरता येते. पट्टी बंद पडल्यास शिक्षक व परिचारिका गाव सोडून जातात असा अनुभव आहे.

आफ्रिकेत चाड, काँगो, दक्षिण सूदान, मादागास्कर इ. देशांत ही सेवा चालते. यादवी युद्धे व दुष्काळ यांच्या काळात संयुक्त राष्ट्रांच्या व अन्य मदतसंस्थांच्या कर्मचाऱ्यांची वाहतूकही तिने केली. २०१० मधील हैतीच्या भूकंपात तेथे आधीपासून असलेली मिशन विमाने मदतकार्यास तत्काळ उपलब्ध झाली. एमएएफची सेवा सु. २५ देशांत पसरलेली असून तिच्या ताफ्यात शंभरावर विमाने आहेत.

अपघात व जोखीम : या सेवेचा इतिहास प्राणहानीपासून मुक्त नाही. एक्वादोरच्या पूर्व भागातील वाओरानी (पूर्वी ‘आउका’ या नावाने उल्लेखिले जाणारे) लोकांशी संबंध जोडण्यासाठी नेट सेंट यांनी १९५५ मध्ये बादलीच्या पद्धतीने भेटवस्तू सोडण्यास सुरुवात केली. जानेवारी १९५६ मध्ये कुराराय नदीच्या वाळवंटात विमान उतरवून पाच मिशनऱ्यांनी तळ दिला व ८ जानेवारी रोजी ते पाचही भाल्यांनी मारले गेले. त्यांना वाओरानींची भाषा फारशी येत नव्हती व बाहेरच्यांशी त्या लोकांचे पूर्वीचे अनुभव रक्तरंजित होते. १९५८ मध्ये मृतांपैकी एकाची पत्नी एलिझाबेथ एलियट व नेट सेंट यांची बहीण रेचल या वाओरानींच्या वस्तीत राहावयास गेल्या. त्यांना भाषा शिकविणारी व वाट दाखविणारी दायुमा ही स्वतः वाओरानी होती. विमानाला जे साधले नाही, ते आतल्या व्यक्तीच्या मध्यस्थीने साधले.

२० एप्रिल २००१ रोजी पेरूच्या वायुसेनेने मादक द्रव्यांची वाहतूक करणारे विमान समजून एका मिशनच्या जलविमानावर गोळीबार केला. त्यात एक मिशनरी स्त्री व तिचे तान्हे मूल मरण पावले. मे २०२० मध्ये इंडोनेशियाच्या पापुआ प्रांतात करोना चाचणीचे साहित्य व शालेय वस्तू घेऊन निघालेल्या एमएएफच्या वैमानिक जॉइस लिन यांचे विमान सेंतानी सरोवरात कोसळून त्यांचा मृत्यू झाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये मोझँबीकच्या संघर्षग्रस्त उत्तर भागातील अनाथालयांसाठी सामान पाठविण्याच्या प्रसंगी एमएएफचा एक वैमानिक व दोन दक्षिण आफ्रिकी स्वयंसेवक यांना अटक झाली. मार्च २०२३ मध्ये त्यांची तुरुंगातून मुक्तता करण्यात आली. संघर्षाच्या प्रदेशात लहान विमान कोणाचे व कशासाठी, याविषयीचा संशय हीही एक जोखीम असल्याचे अशा घटनांवरून दिसते.

वाद व टीका : या सेवेवरील आक्षेप मुख्यतः तीन प्रकारचे आहेत. पहिला आक्षेप आरोग्याविषयीचा आहे. बाहेरच्या जगापासून अलिप्त राहिलेल्या समाजांत अनेक रोगांविरुद्धची प्रतिकारशक्ती नसते. वाओरानी लोक मिशनच्या वसाहतीत एकत्र आल्यानंतर १९६९ मध्ये तेथे पोलिओची साथ पसरली व अनेकजण दगावले अथवा अपंग झाले. याउलट, लस व डॉक्टर त्वरित पोहोचविण्याचे साधनही विमानच असते, असे समर्थक सांगतात. दोन्ही विधाने खरी असून संपर्कापूर्वी आरोग्याची कोणती तयारी केली होती, यावर परिणाम अवलंबून असतो.

दुसरा आक्षेप भूमी व सत्ता यांविषयीचा आहे. वाओरानींच्या प्रदेशात खनिज तेलाचे संशोधन व त्या लोकांचे एका ठिकाणी वसणे ही दोन्ही एकाच काळात घडली व मिशनच्या कार्याने तेलकंपन्यांचा मार्ग सुकर केला, अशी टीका मानवशास्त्रज्ञांनी केली. १९७१ च्या बार्बेडोस घोषणापत्रात लॅटिन अमेरिकेतील मूळ रहिवाशांमधील मिशनकार्य थांबविण्याची मागणी करण्यात आली. एक्वादोरचे अध्यक्ष हाइमे रोल्दोस यांनी १९८१ मध्ये समर इन्स्टिट्यूटशी असलेला करार संपुष्टात आणण्याचा आदेश काढला. तिसरा आक्षेप सेवा व धर्मांतर यांच्या संबंधाचा आहे. विमान हे एकमेव साधन असलेल्या ठिकाणी आसन कोणाला मिळते, यावर धर्माचा प्रभाव पडू नये, ही अपेक्षा रास्त आहे. रुग्णाची वाहतूक धर्म न पाहता केली जाते, असे या संघटनांचे धोरण आहे. ते प्रत्यक्षात कितपत पाळले जाते, हे गावच्या प्रतिनिधीवर व त्याला निवडण्याच्या पद्धतीवर अवलंबून राहते. या टीकेच्या परिणामी स्थानिक चर्च व ग्रामसमित्या यांना निर्णयात स्थान देणे, शासनाच्या आरोग्य व शिक्षण खात्यांशी करार करणे आणि स्थानिक तरुणांना प्रशिक्षण देणे यांवर अधिक भर देण्यात येऊ लागला.

भारत व महाराष्ट्र : भारतात मिशन विमानसेवा व्यापक स्वरूपात रुजली नाही. १८५३ मध्ये बोरीबंदर–ठाणे लोहमार्ग सुरू झाल्यानंतर काही दशकांतच रेल्वेचे जाळे देशभर पसरले व बरीच मिशन रुग्णालये लोहमार्गाच्या आश्रयाने वाढली. सीमावर्ती डोंगराळ भागात विमानवाहतुकीची जबाबदारी शासनाने स्वतःकडे ठेवली. अरुणाचल प्रदेशातील विजयनगरसारख्या वस्त्यांना भारतीय वायुसेनेच्या विमानांनी रसद पुरविली आहे. स्वातंत्र्योत्तर काळात परदेशी मिशनऱ्यांच्या कार्यावर निर्बंध आले. मध्य प्रदेश शासनाने नेमलेल्या न्या. भवानीशंकर नियोगी समितीने १९५६ मध्ये मिशनांच्या कार्याविषयी अहवाल सादर केला. त्या वेळी विदर्भ मध्य प्रदेशात होता. सेवेच्या आडून धर्मांतर होते काय, हा प्रश्न या अहवालाने सार्वजनिक चर्चेत आणला व त्यावर ख्रिस्ती समाजातून तीव्र प्रतिक्रिया उमटल्या.

महाराष्ट्रात १८१३ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या अमेरिकन मराठी मिशनने १८३१ पासून अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथे कार्य केले. मिशनरी व त्यांचे मराठी सहकारी हिवाळ्यात बैलगाडी, घोडे व तंबू यांसह खेडोपाडी दौरे काढीत. वाट दाखविणे, भाषा सुधारून देणे, उतरण्याची जागा मिळविणे व गावाची रीत समजावून सांगणे ही कामे देशी प्रचारक व शिक्षक करीत. न्यू गिनीत पट्टीवरील प्रतिनिधीचे जे स्थान आहे, तेच येथे या सहकाऱ्यांचे होते. मिरज येथे डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या रुग्णालयात दूरदूरचे रुग्ण रेल्वेने येत. डॉक्टरने रुग्णाकडे जाण्याऐवजी रुग्णाने डॉक्टरकडे यावे, अशी ही व्यवस्था होती. जुलै १९९१ मध्ये मुंबईहून निघालेली ‘लाइफलाइन एक्सप्रेस’ ही रुग्णालय आगगाडी धार्मिक संस्थेची नव्हे. मात्र दुर्गम भागात शल्यचिकित्सा पोहोचविण्याचे जे काम अन्यत्र विमानाने केले, ते तिने रुळांवरून केले. गडचिरोली जिल्ह्यातील हेमलकसा येथे १९७३ मध्ये बाबा आमटे यांनी स्थापन केलेल्या लोकबिरादरी प्रकल्पाने तिसरा मार्ग दाखविला. पावसाळ्यात नद्यांच्या पुरामुळे तुटणाऱ्या या भागात डॉक्टरांनीच कायमची वस्ती केली.

दुर्गमता केवळ अंतरावर अवलंबून नसते, याचे उदाहरण भिवंडी परिसरात मिळते. भिवंडी हे यंत्रमागांचे शहर मुंबई–आग्रा महामार्गावर, मुंबईपासून सु. ५० किमी. अंतरावर आहे. त्याच्या उत्तरेस वाडा, पूर्वेस शहापूर हे तालुके असून या पट्ट्यात वारली, काटकरी, महादेव कोळी, मल्हार कोळी इ. आदिवासी जमातींचे पाडे आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी चर्च ऑफ द ब्रेदरन मिशनने डहाणू व वाडा येथे केंद्रे स्थापिली, तेव्हा या प्रदेशातील प्रवास पायी व बैलगाडीनेच होत असे. भिवंडी तालुक्याला आज महामार्ग व मालाची मोठी गोदामे लाभली आहेत. असे असले, तरी ठाणे व पालघर जिल्ह्यांतील काही पाड्यांवरून पावसाळ्यात गरोदर स्त्रीला वा सर्पदंश झालेल्या व्यक्तीला झोळीत घालून पक्क्या रस्त्यापर्यंत आणावे लागल्याच्या घटना एकविसाव्या शतकातही घडल्या आहेत. देशातील एका मोठ्या विमानतळापासून हे पाडे काही तासांच्या अंतरावर आहेत. त्यांना विमानाची गरज नसून शेवटच्या दोन-तीन किलोमीटरचा रस्ता, ओढ्यावरील साकव व वेळेवर येणारी रुग्णवाहिका यांची आहे. झोळी उचलणारे शेजारी व पुढे निरोप पोहोचविणारी आशा कार्यकर्ती यांचे काम पट्टीवरील प्रतिनिधीच्या कामाहून वेगळे नाही.

सद्यःस्थिती : उपग्रहाधारित मार्गदर्शन, भ्रमणध्वनी व हवामानाची तत्काळ मिळणारी छायाचित्रे यांमुळे उड्डाणे पूर्वीपेक्षा सुरक्षित झाली आहेत. औषधे व लसी नेण्यासाठी वैमानिकरहित विमानांचा वापरही काही देशांत होऊ लागला आहे. अनेक देशांत रस्ते वाढल्याने मिशन विमानांची गरज कमी झाली व तेथील तळ बंद करण्यात आले. रस्ता आल्यावर विमानाने माघार घ्यावी, हे या सेवेच्या उद्दिष्टाशी सुसंगतच आहे. इंधनाचा वाढता खर्च, प्रशिक्षित यंत्रज्ञांची कमतरता व पट्ट्यांची ढासळती अवस्था या तिच्यापुढील प्रमुख अडचणी आहेत. पापुआ न्यू गिनीत पट्ट्यांच्या देखभालीसाठी स्वतंत्र यंत्रणा उभारण्यात आली असून गावकऱ्यांना गवत कापण्याची साधने व प्रशिक्षण दिले जाते. गाव पट्टी राखते तोवरच विमान येते, ही या सेवेची आरंभापासूनची अट आजही कायम आहे.